ध्रुवप्रकाश, राजखेकडा आणि भीमेचा काठ

शरद ऋतू लागला की मुंबई-पुण्याच्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींना बहर येतो. काश्मीर, राजस्थान, केरळ ही नावे आता जुनी झाली. गेली काही वर्षे त्यांच्या पंक्तीला नॉर्वे आणि फिनलंड यांच्या अगदी उत्तरेकडील टोकाच्या सहली येऊन बसल्या आहेत. आश्विन-कार्तिकात आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे जावयाचे, दिवसा होडीत बसून समुद्रतळावरचा राजखेकडा पिंजऱ्यातून वर काढावयाचा, तो तेथेच शिजवून खावयाचा आणि रात्री उघड्यावर उभे राहून आकाशात हिरव्या प्रकाशाचे पडदे हलताना पाहावयाचे, असा या सहलींचा थाट असतो. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जेथे आकाशाकडे पाहावयाचे ते केवळ ढगासाठी, असल्या सहलीची चर्चा करणे म्हणजे चैनीची परिसीमा झाली, असे कोणी म्हणेल. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाएवढा ज्याचा खर्च, त्या सहलीला आपल्यापैकी किती जण जाणार हे उघडच आहे. परंतु येथे विषय सहलीला जाण्याचा नाहीच. त्या सहलीचा पैसा ज्या गावांत जाऊन पडतो ती गावे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ओस पडण्याच्या मार्गावर होती. ती कशी सावरली, आणि आपल्या तालुक्याच्या सीमेवर, भीमेच्या काठी, पुष्कळशी तशीच सामग्री हाताशी असताना आपण तिचे काय केले, हा खरा विषय आहे.

प्रथम प्रकाशाविषयी. सूर्याकडून अखंड वाहणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या कड्याकडे वळतात आणि शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर हवेतील अणुरेणूंवर आदळतात. ऑक्सिजनपासून हिरवा आणि फार उंचावर तांबडा, नायट्रोजनपासून निळा-जांभळा असा प्रकाश त्यातून बाहेर पडतो. शरद ऋतूच का, यालाही कारण आहे. विषुवदिनाच्या आगेमागे सौरवाऱ्याचे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांत गुंतण्यास अधिक अनुकूल अशा स्थितीत येतात. शिवाय मध्यरात्रीच्या सूर्याचा उन्हाळा सरून रात्री पुन्हा काळोख्या झालेल्या असतात आणि समुद्रावर होडी नेण्याइतपत हवा सौम्य असते. १० व ११ मे २०२४ च्या प्रचंड सौरवादळात हाच प्रकाश, तांबूस छटेच्या रूपाने, लडाखमधील हानले येथूनही टिपला गेला. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ऋग्वेदातील दीर्घ उषांचे मूळ ध्रुवप्रदेशात शोधले होते. तो सिद्धांत विद्वज्जनांत टिकला नाही, पण उत्तर ध्रुवाविषयीचे मराठी माणसाचे कुतूहल बरेच जुने आहे एवढे त्यावरून दिसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रकाशात एक निराळीच गोष्ट दिसते. 'सार्वजनिक वस्तू' ही संकल्पना वर्गात शिकविताना आपण दीपस्तंभाचे उदाहरण देतो. ध्रुवप्रकाश हे त्याहून निर्दोष उदाहरण होय. एकाने पाहिला म्हणून दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला त्यापासून वगळता येत नाही. त्याच्यावर तिकीट लावता येत नाही. मग हजारो प्रवासी जे द्रव्य खर्च करतात ते जाते कोठे? ते जाते प्रकाशाच्या जोडीला जे जे दुर्मिळ आहे आणि ज्याला धनी आहे त्याच्याकडे: विमानातील आसन, उबदार खोली, होडी, वाटाड्या आणि खेकडा. विमान आणि मोठे हॉटेल यांचे धनी बहुधा दूरच्या राजधानीत असतात. गावात काय उरते, हे होडी आणि खेकडा कोणाचे यावर ठरते.

आता हा खेकडा मुळात तेथला नव्हेच. कामचात्का आणि बेरिंग समुद्र हे त्याचे घर. मुर्मान्स्कच्या बाजूस एक किफायतशीर मत्स्योद्योग उभा राहावा म्हणून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तो हजारो मैलांवरून आणून बॅरेंट्स समुद्रात सोडला. त्याला सीमा ठाऊक नसल्यामुळे १९७० च्या दशकात तो नॉर्वेच्या पाण्यात शिरला. पूर्ण वाढलेल्या नराच्या पायांचा पसारा दीड मीटरहून अधिक आणि वजन कधी कधी दहा किलोपर्यंत. असा प्राणी कॉड माशासाठी लावलेल्या जाळ्यांत शेकड्यांनी अडकू लागला, जाळी फाडू लागला आणि दोरांवरचे आमिष फस्त करू लागला, तेव्हा वारांगर खाडीच्या लहान कोळ्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना, उभ्या पिकात रानडुकरांचा कळप शिरलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना करता येईल. १९९० च्या दशकात हा उपद्रव शिगेला पोहोचला.

त्याच खाडीच्या काठी बुगोयनेस नावाचे एक चिमुकले गाव आहे. तेथील मासळीचा कारखाना १९८० च्या दशकात बुडाला. कामधंदा उरला नाही. तेव्हा १९८९ साली या गावकऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी एका राष्ट्रीय दैनिकात जाहिरात दिली की, आम्ही सारे गाव येथून उठू इच्छितो, आम्हाला एकत्र सामावून घेणारे दुसरे एखादे ठिकाण आहे काय? नोकरीसाठी, घरासाठी, वधूवरांसाठी जाहिराती आपण रोज वाचतो. अख्ख्या गावाने आपल्यासाठी जागा मागितल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. ते गाव आज जागच्या जागी आहे, आणि ज्या खेकड्याने जाळी फाडली त्याच खेकड्यावर ते जगते आहे. तेथून जिवंत खेकडे विमानाने दक्षिण कोरियापर्यंत जातात आणि शरद-हिवाळ्यात प्रवासी तो पाहावयास, पकडावयास आणि खावयास येतात. जवळच्या किर्केनेस शहराची लोखंडाची खाण १९९६ साली बंद पडली, पुढे चालू होऊन २०१५ साली पुन्हा बुडाली. २०२२ नंतर रशियाशी असलेला सीमेवरचा व्यवहारही आटला. अशा मुलखात हा पाहुणा आणि हा खेकडा यांना किती महत्त्व आले असेल, हे निराळे सांगावयास नको.

हे आपोआप घडले नाही, आणि माझ्या मते हीच या कथेतील सर्वांत मोलाची बाब आहे. १९९४ पासून काही वर्षे केवळ संशोधनापुरती पकड झाल्यावर २००२ साली नॉर्वेने खेकड्याची व्यापारी मासेमारी खुली केली. तेव्हा प्रश्न उभा राहिला की हक्क कोणाला द्यावा? सर्वांत जास्त बोली बोलणाऱ्याला देता आला असता. दक्षिणेकडील मोठ्या जहाजांच्या मालकांना तो हवाच होता. सरकारने तो मुख्यतः त्याच किनाऱ्याच्या लहान नौकांना दिला, ज्यांची जाळी या प्राण्याने फाडली होती. शिवाय ज्याची मूळ मासेमारी चालू आहे त्यालाच हा वाटा मिळावा, अशा अटी घातल्या. म्हणजे खेकडा हे कोळ्याचे नुकसानभरपाईचे साधन मानले गेले, आणि ती भरपाई रोख रकमेच्या एका हप्त्यात नव्हे तर दरवर्षी वापरता येणाऱ्या हक्काच्या रूपाने दिली गेली. पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या नौकांसाठीही पकडीचा एक छोटासा वाटा निराळा राखला गेला. पाहुणा आकाशातला प्रकाश फुकट पाहतो. परंतु त्याच्या रात्रीच्या जेवणातला खेकडा ज्याच्या वाट्याचा असतो, त्याच्या घरी पैसा पोहोचतो.

पलीकडे सीमेपार रशियाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. तेथे २०१९ साली खेकड्याच्या हक्कांपैकी निम्मे हक्क लिलावाने विकण्यात आले. सरकारच्या तिजोरीत मोठी रक्कम पडली. पण लिलावात जो जिंकतो तो ज्याच्यापाशी भांडवल आहे तोच. किनाऱ्यावरचा छोटा नावाडी तेथे बोलीही बोलू शकत नाही. कार्यक्षमतेच्या पाठ्यपुस्तकी कसोटीवर लिलाव श्रेष्ठ ठरेल, हे मी नाकारीत नाही. मात्र ती कसोटी, नुकसान कोणी सोसले, हा प्रश्न विचारीतच नाही.

नॉर्वेचे सारेच गोमटे आहे असेही नव्हे. उपद्रवी प्राण्याला किंमत आली की तो नाहीसा व्हावा असे कोणालाच वाटत नाही, ही यातली मोठी गोम आहे. वारांगर खाडीच्या तळाशी राहणारे शिंपले, कृमी, तारामासे यांच्यावर खेकड्याने केलेला परिणाम शास्त्रज्ञांनी नोंदविला आहे. म्हणून सरकारने सव्वीसाव्या पूर्व रेखांशावर एक रेषा आखली. तिच्या पूर्वेस खेकडा ठरीव प्रमाणात पकडावयाचा, म्हणजे तो टिकेल. पश्चिमेस कोणीही कितीही पकडावा, म्हणजे तो पसरणार नाही. एकच प्राणी रेषेच्या एका बाजूस संपत्ती आणि दुसऱ्या बाजूस कीड! ही तडजोड तर्कदृष्ट्या विनोदी आहे, पण सरकारी तडजोडी बहुधा अशाच असतात, आणि ही आजवर चालली आहे. शिवाय सुरुवातीला ज्यांना वाटा मिळाला ते धनवान झाले आणि ज्यांना मिळाला नाही ते बाहेर राहिले, ही कुरकुर तेथेही आहेच.

आता भीमेकडे वळू. नॉर्वेच्या या टोकापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या आर्क्टिक तुंद्रात उन्हाळ्यात अंडी घालणारा छोटा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी. थंडी सुरू होताच तो दक्षिणेकडे निघतो आणि त्याच्या जातीचे थवे उजनीच्या पाणफुगवट्याच्या चिखलावर चोची खुपसत फिरताना दिसतात. म्हणजे आपले लोक लाखो रुपये देऊन ज्या मुलखात जातात, त्या मुलखाचा रहिवासी दरसाल विनातिकीट आपल्याकडे येतो. त्याच्या जोडीला हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब येतात, आणि पाणी ओसरून उथळ झाले की अग्निपंख, ज्यांना आपण रोहित म्हणतो, त्यांचे गुलाबी थवे उतरतात. ध्रुवप्रकाशाप्रमाणेच हाही सार्वजनिक देखावा होय. आभाळात उडालेल्या थव्यावर कोणी तिकीट लावू शकत नाही.

उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. धरण सोलापूर जिल्ह्यात. त्याचे पाणी मात्र पुणे जिल्ह्यातील इंदापूर-दौंड आणि आपला कर्जत तालुका यांच्या काठांना भिडले. ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयातील निम्म्याहून अधिक साठा 'मृत' समजला जातो, आणि उन्हाळ्यात धरण 'उणे' झाले की पळसदेवच्या जुन्या देवळासारखी बुडालेली गावखुणांची दगडी रूपे पुन्हा वर येतात. काठच्या गावांची काळी कसदार जमीन या पाण्याखाली गेली. जमिनीबरोबर बलुते गेले, बाजार गेला, आणि नदीच्या डोहांत जाळे टाकून जगणाऱ्या भोई कुटुंबांची नदीसुद्धा गेली. तिच्या जागी समुद्रासारखे परके पाणी आले. विस्थापितांना मिळाला तो मोबदला एकदाच मिळाला आणि पुष्कळांच्या बाबतीत तो लग्नकार्यात, कर्जफेडीत आणि कोर्टकचेरीत विरून गेला.

मौज अशी की या पाण्यातही एक परका प्राणी शिरला आणि त्यानेही आपले राज्य स्थापिले. आफ्रिकेतला चिलापी मासा १९५२ साली भारतात आणला गेला, तोही अधिक अन्न मिळावे याच सद्हेतूने. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे. पाणी गढूळ असो की सांडपाण्याने भरलेले, हा मासा तग धरतो. आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेवाटे उजनीतच येते. मरळ, वाम, शिंगटा या आपल्या जातींचा वाटा घटत गेला आणि भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग लागू लागले. येथवर साम्य आहे. पुढे मात्र ते संपते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. राजखेकडा हे श्रीमंतांचे खाद्य आहे. चिलापी गरिबाचा मासा. त्याच्या जोरावर कोणी सोल शहरापर्यंत विमान धाडणार नाही.

पण फरक केवळ माशाच्या किंमतीचा नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरील हॉटेलांत मासळीच्या थाळीला जे दाम पडते, त्यातील किती हिस्सा पहाटे जाळे ओढणाऱ्याच्या हाती येतो, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या सुटीत जाऊन विचारावा; उत्तर पाठ्यपुस्तकापेक्षा बोधप्रद असेल. राज्यातील जलाशयांत मासेमारीचा हक्क सर्वसाधारणपणे सहकारी संस्थांना ठेक्याने किंवा व्यक्तींना परवान्याने, ठराविक मुदतीपुरता दिला जातो. मुदत संपली की पुन्हा कागद, पुन्हा खेटे. कागदावर संस्था आणि तिच्या आड भांडवल पुरविणारा ठेकेदार, हे चित्र सहकाराच्या या महाराष्ट्रात कोणाला नवे आहे? ज्याचा हक्क उद्या राहील की नाही याची शाश्वती नाही, तो आज बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लेसुद्धा ओरबाडून काढणारच. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मासेमारी सर्वांना मोकळी असेल तर तिच्यातून मिळणारा खंड स्पर्धेतच विरून जातो. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी, ज्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, असे दाखविले की वापरणाऱ्यांनाच हक्क आणि नियम करण्याचा अधिकार असेल तर सामाईक संपत्ती उत्तम सांभाळली जाते. उजनीच्या काठी आपण या दोहोंपैकी पहिल्याचा सिद्धांत खरा करून दाखविला आहे.

पक्षी पाहण्याच्या बाबतीत इंदापूर तालुक्यातील कुंभारगाव-भिगवणच्या मच्छीमार कुटुंबांनी स्वतःच्या हिकमतीने काही मिळविले आहे. तेच नावाडी, त्याच होड्या. पहाटे जाळे काढावयाचे आणि उजाडल्यावर पुण्याच्या पाहुण्यांना अग्निपंखांजवळ न्यावयाचे. घरी पिठले-भाकरी वा मासळीचे जेवण. फिनमार्कच्या सहलीचीच ही देशी आवृत्ती नव्हे काय? आणि ती कोणत्याही मंत्रालयाने आखली नाही. कर्जतच्या काठाला पाणी तेच, चिखल तोच आणि पक्षीही तेच. सिद्धटेकला अष्टविनायकाच्या दर्शनासाठी वर्षभर माणसे येतात, राशीनला देवीच्या दर्शनाला येतात. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य तर १९८० पासून तालुक्यातच आहे. पण पाहुणा दर्शन घेऊन परत फिरतो आणि पाण्याकडे वळतच नाही, कारण तेथे त्याला न्यावयास अधिकृतपणे कोणी नाही. एक दिवस कोणी तरी येईलच. प्रश्न एवढाच की तो खेडचा किंवा काठच्या अन्य गावचा भोई असेल, की पुण्याहून आलेला जागेचा व्यापारी.

होडीत माणसे बसविणे म्हणजे जोखीम घेणे. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ते सहलीला निघालेले नव्हते. पूल नसल्यामुळे पाण्यातून जाणे हा त्या भागाचा रोजचा व्यवहार आहे. फिनमार्कच्या थंडगार समुद्रात प्रवाशाला तरंगता पोशाख अंगावर चढविल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू दिले जात नाही. आपल्याकडे साधे जीवरक्षक जाकीट ही चैनीची वस्तू समजली जाते. ज्याच्या नावावर होडी चालविण्याचा पक्का परवाना नाही त्याला बँक कर्ज देत नाही, विमा कंपनी विमा देत नाही. आणि मग जाकिटे घ्यावयाची कशातून? सुरक्षिततेचा प्रश्नही असा फिरून हक्कापाशीच येतो.

म्हणून मागणी मोठ्या प्रकल्पाची नाही. 'पर्यटन विकास आराखडा' हे शब्द कानी पडले की माझ्या मनात प्रथम सिमेंटचा घाट, कमान आणि उद्घाटनाची कोनशिला उभी राहते. मागणी निराळी आहे. भीमेच्या कर्जतकडील काठावर मासेमारी आणि नौकाविहार यांचा हक्क, धरणात ज्यांची जमीन किंवा नदी गेली त्या कुटुंबांच्या नावे, निदान पंधरा वर्षांच्या मुदतीने द्यावा. तो विकता किंवा पोटठेक्याने देता येऊ नये. जाळ्याच्या आसाचे माप आणि विणीच्या काळातील बंदी त्यांनीच ठरवावी व पाळावी. प्रत्येक होडीमागे जाकिटांचा खर्च पहिल्या वर्षी सरकारने उचलावा. यात तिजोरीला फारसा खार लागणार नाही. पुण्याच्या सांडपाण्याचा प्रश्न यातून सुटणार नाही, हे खरे. परंतु ज्याच्या होडीतला पाहुणा दुर्गंधीमुळे परत फिरतो तो त्या पाण्याविषयी जितक्या आवाजाने बोलेल, तितक्या आवाजाने आज कोणीच बोलत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, अशा हक्काने काही कुटुंबे वर येतील आणि उरलेली पाहत राहतील. येईलच, नॉर्वेतही आला. परंतु आज जे चालले आहे त्यात काठचे कोणीच वर येत नाही. यादी कोणाची करावयाची हा प्रश्न अवघड असला तरी अशक्य नाही. भूसंपादनाची दप्तरे अजून कचेरीत आहेत आणि कोणत्या घरी जाळे विणले जाते हे गावाला पाठ असते. जानेवारीत पाणी उतरू लागेल आणि अग्निपंख उथळावर येतील. त्याच महिन्याच्या २६ तारखेला गावोगाव ग्रामसभा भरतात. काठच्या गावांतील शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, आणि महाविद्यालयातील आमच्या विद्यार्थ्यांनी त्याआधी घरोघर जाऊन होड्यांची आणि जाळ्यांची मोजणी करून द्यावी.